कापलेला अर्धा गुण

सणासुदीच्या दिवसांत जुन्या चुकांचा हिशेब काढू नये म्हणतात. पण एक अर्धा गुण बरीच वर्षे माझ्या मनात अडकून राहिला आहे, तो सांगून टाकतो.

समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. प्रश्न नेहमीचाच : गोंडांच्या विवाहपद्धतीवर टीप लिहा. उत्तरेही नेहमीचीच. गोंडांची कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागलेली असतात, सारख्या देवांच्या कुळांत ते सोयरीक करीत नाहीत, वगैरे. मध्येच एका उत्तरपत्रिकेत वाचले : 'आम्ही सात देवे. म्हणून माझ्या बहिणीला सात देव्यांच्या घरी देता येत नाही. ते आमचे भाऊबंद लागतात.' मी 'आम्ही'खाली लाल रेघ ओढली, समासात 'भाषा वस्तुनिष्ठ हवी' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला.

त्या रात्री मला झोप छान लागली. खंत वाटली ती पुढे, एका पाठ्यपुस्तकात 'आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध मानतात' हे वाक्य वाचताना. त्या 'आपल्याकडे'खाली कोणी रेघ ओढली नव्हती. मीही ते पुस्तक वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. म्हणजे माझे घर ते शास्त्र, आणि त्याचे घर तो नमुना! गुण हवे असतील तर त्याने आपल्याच अंगणाबाहेर उभे राहावे आणि खिडकीतून आत डोकावून 'हे लोक असे राहतात' म्हणून लिहावे, एवढेच मी त्याला सांगितले होते.

आदिवासी विद्यार्थ्याला मदत करायची म्हटली की आपण वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांचा विचार करतो. तो करायलाच हवा; उपाशी पोटाला अस्मितेचे प्रवचन ऐकवणे हा निर्दयपणा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाकडे होती. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि ते अंतर कमी झाले. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट तुटते, त्या मुलखाला या गोष्टीचे मोल विचारावे. परंतु 'आम्ही'पासून 'ते'पर्यंतची वाट मैलांत मोजता येत नाही. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे २९ लाख होते, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. घरी पाण्याला 'येर' म्हणणारे मूल शाळेत मराठी शिकते, कॉलेजात इंग्रजीशी झगडते, आणि आपण त्याला 'कच्चा' म्हणतो.

तिकडे अनेक वर्षे शिकवणारे माझे एक स्नेही या विचारावर चिडतात. "तुमचे हे शहरी कौतुक पुरे," ते म्हणाले, "माझ्या मुलांना तलाठी, नर्स, इंजिनिअर व्हायचे आहे. मोहफुले वेचायला त्यांना विद्यापीठ कशाला हवे?" त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. संस्कृतिरक्षणाच्या नावाने एखाद्या मुलाला जंगलातच ठेवणे हे नवे कुंपणच झाले. पण इंजिनिअर होण्यासाठी त्याने 'आम्ही' म्हणणे सोडावे, ही अट कोणी घातली? जंगल सांगायचे की यंत्र शिकायचे, की दोन्ही, हे त्याचे त्याने ठरवावे.

मेक्सिकोत २००४ साली पहिले आंतरसांस्कृतिक विद्यापीठ सुरू झाले. तिथे मूळ रहिवाशांच्या भाषा अभ्यासक्रमातच घेतात. इतक्या दूर जायचेही कारण नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालत. बाहेरचे जाणते लोक येत, गावकऱ्यांबरोबर बसत, बोलत. जाणत्याचे ऐकून घ्यायचे, पण निर्णय गावाने, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, अशी ती रीत. शिकवायला आलेला माणूसही तिथून काही शिकून जाई. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत असे क्वचितच घडते.

तो अर्धा गुण आता परत देता येणार नाही. त्या विद्यार्थ्याचे नावही मला ठाऊक नाही. उत्तरपत्रिकेवर नुसता क्रमांक होता. गेल्या वर्षी मात्र वर्गाला मी गृहपाठ दिला : तुमच्या घरी सोयरीक कोणाशी जुळते, कोणाशी नाही, आणि का, ते लिहून आणा. तास संपल्यावर शहरातला एक हुशार मुलगा टेबलापाशी घुटमळत राहिला.

"सर, यात आमच्या घरचेच लिहायचे?"

"हो."

"पण मला ते माहीत नाही, सर. आजीला विचारावे लागेल."