राखणदार आणि मालक

वस्तू ज्याच्या मालकीची, त्याने ती वापरावी, विकावी, दान करावी किंवा वाटल्यास मोडून टाकावी, हा न्याय व्यवहारात आपण सारेच मानतो. कोणी आपल्या भाटातले जुने माड तोडले तर शेजारी हळहळतात. परंतु भाट त्याचे आहे म्हटल्यावर पुढे कोणी बोलत नाही. हाच न्याय एखाद्या विद्येला किंवा कारागिरीला लावता येतो काय? कारखाना विकत घेणाऱ्याला तेथील विद्या नष्ट करण्याचाही अधिकार मिळतो काय? हा प्रश्न आम्हांला एका स्विस मनगटी घड्याळाच्या इतिहासाने घातला, आणि तो वाटला तितका परका नाही, असे आमचे मत झाले.

स्विस घड्याळ आपल्या जुन्या घराण्यांना अनोळखी नाही. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर पोर्तुगीज सरकारने परदेशी मालाची आयात वाढू दिली, आणि खनिजाच्या उद्योगामुळे विकत घेण्याची ऐपतही काहींना आली. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे ज्या घड्याळाचे अप्रूप होते, ते अलीकडे पेडणे-डिचोलीच्या सधन घरांत मुंजी-लग्नांत आहेर म्हणून दिले जाई. त्यांतली कितीतरी घड्याळे आज कपाटाच्या चोरकप्प्यात पडून आहेत. त्यांचे काय, हे पुढे येईलच.

आम्ही म्हणतो ते घड्याळ ‘झेनिथ’ कंपनीचे. जुरा पर्वतातील ल लोक्ल या गावी जॉर्ज फाव्र-जाको या तरुणाने १८६५ साली ही कंपनी स्थापिली. निरनिराळ्या घरांत विखुरलेले कारागीर त्याने एका छपराखाली आणले. १० जानेवारी १९६९ रोजी या कंपनीने एक यंत्र जाहीर केले आणि त्याला स्पॅनिश नाव दिले, ‘एल प्रिमेरो’, म्हणजे पहिला. (‘प्रिमेइर ग्राव’ झालेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता.) हाताच्या हालचालीने स्वतःच चावी घेणारा क्रोनोग्राफ करण्याची तेव्हा मोठी शर्यत लागली होती. क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवता दाखवता वेगळ्या काट्याने मधला काळही मोजणारे घड्याळ. कडेची कळ दाबली की चालत्या चक्रमालेला एक जादा चाक जोडले जाते व तो काटा धावू लागतो. पुन्हा दाबली की थांबतो. दुसरी कळ दाबली की एक हातोडी हृदयाच्या आकाराच्या छोट्या चकतीवर आपटते आणि काटा कोठेही असला तरी शून्यावर येतो. ‘एल प्रिमेरो’ तासाला ३६,००० ठोके देत असे, म्हणजे सेकंदाला दहा, आणि म्हणून सेकंदाचा दहावा भागही मोजी.

त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातील सुमारे ९०,००० कामगारांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरले. १९७१ साली ‘झेनिथ’ एका अमेरिकन कंपनीच्या हाती गेली होती. योगायोगाने तिचेही नाव झेनिथच. रेडिओ व दूरचित्रवाणी संच करणारी. १९७५ साली तिने आज्ञा काढली की यांत्रिक घड्याळे बंद, यापुढे केवळ क्वार्ट्झ, आणि जुनी हत्यारे मोडीत काढावीत. हिशेबाच्या दृष्टीने आज्ञा चुकीची म्हणता येत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, त्याची यंत्रे कोण सांभाळणार?

शार्ल व्हेर्मो हा त्या कारखान्यातील एका विभागाचा प्रमुख. त्याने वरिष्ठांना लिहून विनविले की थोडे तरी काम चालू ठेवावे. विनंती मान्य झाली नाही. तेव्हा त्याने ‘एल प्रिमेरो’चे भाग घडविण्याचे ठसे, चकत्या, कापण्याची हत्यारे व आराखडे एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेले, त्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या, कोणते हत्यार कोणत्या कामाचे ते वहीत नोंदविले आणि ती जागा बंद करून टाकली. अमेरिकन मालकांनी १९७८ साली कंपनी पुन्हा स्विस हाती विकली. यांत्रिक घड्याळांची मागणी परतू लागली, आणि १९८४ साली त्याच माळ्यावरून उतरविलेल्या हत्यारांनी उत्पादन पुन्हा सुरू झाले. ती नसती तर प्रत्येक भागाचा ठसा नव्याने पाडावा लागला असता, आणि तो खर्च करण्यास कोणी धजले नसते. १९८८ पासून २००० पर्यंत रोलेक्ससारख्या कंपनीनेही आपल्या ‘डेटोना’साठी हेच यंत्र फेरफार करून वापरले.

शेवट गोड झाला म्हणून कृती न्याय्य ठरत नाही. १९७५ साली व्हेर्मोपुढे १९८४ नव्हते. होती ती मालकाची स्पष्ट आज्ञा, आणि हत्यारे मालकाची होती. उद्या प्रत्येक नोकर आपल्या समजुतीने मालकाचा माल लपवू लागला तर संसार कसा चालावा? आम्हीही आमच्या कुळाकडून किंवा मुनिमाकडून असे वर्तन खपवून घेतले नसते, हे प्रांजळपणे सांगावे लागते. आक्षेप फेटाळण्यासारखा नाही.

तरी एक भेद ध्यानात घ्यावा. व्हेर्मोने काही घरी नेले नाही, काही विकले नाही. हत्यारे मालकाच्याच छपराखाली राहिली. फक्त ती नष्ट होऊ दिली नाहीत. आपल्या स्मृतिकारांनी व्यवहारपदांत ‘निक्षेप’ सांगितला आहे. ठेव ज्याच्याकडे ठेवली तो तिचा धनी नव्हे. पण ती राखण्याचे दायित्व त्याचे. मग व्हेर्मोकडची ठेव कोणाची होती? पोलाद अमेरिकन कंपनीचे होते, यात वाद नाही. पण त्या पोलादात साठलेले शहाणपण १८६५ पासूनच्या कारागिरांचे होते, आणि कंपनी विकत घेताना त्याची वेगळी किंमत कोणी मोजली नव्हती. ती ठेव मागल्यांची होती व पुढल्यांना परत करावयाची होती. मधल्या धन्याला ती वापरण्याचा अधिकार होता. मोडण्याचा होता असे आम्हांला वाटत नाही.

गावच्या सीमेवर आपण ज्याला नारळ ठेवतो तो राखणदार गावाचा मालक नसतो, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते.

डिचोलीतील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. देवाची आणि घड्याळाची बरोबरी करण्याचा उद्देश नाही. बरोबरी आहे ती राखणाऱ्यांची. दिवाडी बेटावरील मूळ देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत पाडले गेले. लिंग विहिरीवर रहाटाच्या कामी लावले होते, असे परंपरा सांगते. तेथून भाविकांनी ते हद्दीपार डिचोलीत आणले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. महाराजांचे नाव दगडात कोरलेले आहे, ते योग्यच. पण मधल्या शंभर वर्षांत ज्यांनी पूजा चालू ठेवली, त्यांच्यावाचून जीर्णोद्धार तरी कशाचा झाला असता? नुसते लिंग उरून भागले नसते. पूजेचा विधी जाणणारा हातही उरावा लागला.

येथेच व्हेर्मोच्या शहाणपणाचा खरा भाग आहे. त्याने घड्याळे लपविली नाहीत. तयार घड्याळे पुष्कळांनी जपली असती. त्याने ती करण्याची साधने आणि त्या साधनांचा उपयोग सांगणारी वही जपली. महात्मा गांधींचे खिशातले घड्याळही झेनिथचेच. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते, चष्मा, चपला व ताट-वाटीसह, १८ लाख डॉलरांना एका भारतीय उद्योगपतीने घेतले, आणि देशाची वस्तू वाचली म्हणून आनंद झाला. पण त्या घड्याळाचे मोल गांधींच्या मिनिटामिनिटाच्या हिशेबात होते. तो हिशेब लिलावात मांडलेला नव्हता.

आता त्या चोरकप्प्यातल्या घड्याळांकडे वळू. यांत्रिक घड्याळ न वापरता ठेवले की आतले तेल सुकते. काही वर्षांनी ते उघडून, धुऊन, तेल देणारा घड्याळजी लागतो, आणि असा माणूस आपल्या बाजारपेठांत शोधावा लागतो. आपण वस्तू जपली, हात जपला नाही. घड्याळाचे एकवेळ सोडून द्या. आपल्या घराण्यांच्या पेट्यांतून मोडीचे रुमाल आहेत: सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातले, हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले तेव्हाचे आणि त्यानंतरचेही. वाटणीच्या वेळी त्या पेट्यांवरून भाऊबंदांत शब्दाला शब्द लागतो. परंतु भांडणाऱ्यांपैकी एकालाही रुमालातली एक ओळ लावता येत नाही, असे पुष्कळ घरांत आहे. त्या कागदांचे मालक आपण निःसंशय आहोत. मोडी मात्र एका नेटाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचण्यापुरती शिकता येते, आणि शिकविणारे अजून आहेत.

ल लोक्लमधला तो माळा आज कंपनी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखविते. १९९९ पासून तिचे मालक फ्रान्समधील चैनीच्या वस्तूंचा एक मोठा उद्योगसमूह आहेत. ज्याने मालकाची आज्ञा मोडली त्याच्याच नावाने आता मालकाचा माल विकला जातो. त्यात आम्हांला थोडी गंमत वाटते आणि थोडा न्यायही दिसतो. परंतु त्या माळ्यावर उभे राहिल्यास आम्ही घड्याळांपेक्षा व्हेर्मोची वही आधी पाहायला मागू.