आजारी केलेले हृदय आणि अहिंसा

हृदय निकामी होण्यावर औषध शोधताना निरोगी प्राण्याला मुद्दाम आजारी करावे लागते. उंदराची छाती उघडून डाव्या हृदयधमनीला टाका घालतात. रक्ताविना काही स्नायू मरतो आणि उरलेले हृदय हळूहळू फुगत जाते. कुत्र्याच्या हृदयाला पेसमेकरने काही आठवडे अतिवेगाने धडधडायला लावले, तरी ते थकून निकामी होते.

यातून मिळालेले ज्ञान खरे आहे. संशोधक मार्क आणि जॅनिस फेफर यांच्या प्रयोगांत असे उंदीर कॅप्टोप्रिल या औषधामुळे अधिक जगले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, त्याच औषधाच्या माणसांवरील चाचणीत मृत्यू १९ टक्क्यांनी घटले.

पण अहिंसेच्या कसोटीवर हा मार्ग टिकतो का? जैन आचारशास्त्र हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद करते. स्वयंपाकात (आरंभी) वा शेतीत (उद्योगी) घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे ते मान्य करते. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा मात्र त्यालाही वर्ज्य. प्रयोगातली इजा ठरवून केलेली असते, म्हणून हेतू कितीही चांगला असला तरी ती पहिल्या भेदापासून दूर नेता येत नाही. गांधीजींनी १९२८ साली साबरमती आश्रमातल्या असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वासराला मरण देऊ दिले, पण ते वासराच्याच सुटकेसाठी होते. प्रयोगशाळेतल्या उंदराला स्वतःसाठी काहीच मिळत नाही. प्राण्यांवरील असल्या प्रयोगांना गांधीजींचा विरोधच होता.

भारताचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना परवानगी देतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याची अपेक्षा ठेवतो. भूल मात्र शस्त्रक्रियेपुरती असते. नंतरची धाप आणि थकवा हाच तर अभ्यासाचा विषय. म्हणून प्राण्याच्या यातना कोणत्या टप्प्यावर थांबवायच्या, हे आधी लिहून न ठेवलेला प्रयोग समर्थनीय ठरत नाही.