घोटाच्या वाटेवर

पाण्याचा एक घोट तोंडात घ्या. क्षणभर थांबा, मग गिळा, आणि लक्ष त्याच्या मागोमाग खाली जाऊ द्या. घसा, मान, मग छातीच्या हाडामागे खोलवर. तिथं अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी पाठीमागून लागून जाते. भाकरीचा प्रत्येक घास जन्मभर तिथूनच उतरला आहे.

घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘मनाच्या श्लोकां’त मनाला समोर बसवून समजावलं. आपण फक्त त्या कप्प्याचा एक कोपरा पाहू.

तिथं बोटाएवढी एक पिशवी आहे. तिच्या आकारांना डॉक्टरांनी नावं दिली: कोंबडीचा पंख, फुलकोबी, निवडुंग. (बहुधा जेवणाआधी.)

आता मनगटावर बोटं ठेवा. नाडी लयीत असेल, तर ही पिशवी ठोक्यागणिक आवळून रिकामी होते. लय मोडून कप्पा नुसता थरथरू लागला, की पावसाळा सरल्यावर कुंडलिका नदीच्या डोहात पाणी साचावं तसं रक्त इथं रेंगाळतं. रेंगाळलेलं रक्त गोठतं, आणि गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. लहानपणीच्या घसादुखीतून सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेल्यांना हा धोका आणखी मोठा.

छातीवरून काढलेल्या इकोत हा कोपरा नीट दिसत नाही. म्हणून नुसत्या ‘इको नॉर्मल’वर माझं समाधान होत नाही. तो पाहायला अन्ननलिकेतून नळी घालून इको काढतात. त्यासाठी जालन्याहून चिठ्ठी घेऊन घाटी रुग्णालयात निघालेल्याला कुणीतरी आधीच सांगावं: उपाशीपोटी जा, घसा फवाऱ्यानं बधिर करतील, डाव्या कुशीवर निजवतील, ‘गिळा’ म्हणतील तेव्हा गिळा. नळी घोटाच्याच वाटेनं उतरते आणि हृदयामागे थांबते. तिच्या टोकातून सेकंदाला ५० लाखांच्या आसपास कंपनं निघतात. कानाला काही ऐकू येत नाही.

पिशवीतून रक्त सेकंदाला ५० सेंटिमीटरहून वेगानं बाहेर पडत असेल, तर बरं. वेग २० च्या खाली गेला, की पडद्यावर रक्त सावकाश घुमताना दिसतं. डॉक्टर त्याला धूरच म्हणतात. आतल्या स्नायूंच्या कडा कधी गुठळीसारख्या भासतात. म्हणून कोन बदलत, पुन्हा पुन्हा पाहायचं. या तपासणीतलं खरं कसब मला घाई न करण्यातच दिसतं.

गुठळी सापडलीच, तर फुग्यानं झडप रुंद करणं किंवा विजेचा झटका देऊन लय आणणं सहसा पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते, आणि काही आठवड्यांनी पुन्हा नळी.