तोंडाचा कॅन्सर कुणाला उशिरा कळतो?

तोंडाचा कॅन्सर लपून वाढत नाही. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीवर तो डोळ्यांना दिसतो. पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट अजिबात न सोसणं, तोंडात तीन बोटंही न जाणं, ही लक्षणं ओळखायला एक बॅटरी आणि थोडं प्रशिक्षण पुरतं. तरीही आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावरच मोठ्या रुग्णालयात पोचतात आणि त्यांत मजुरीवर जगणारे, गावाकडचे, कमी शिकलेले अधिक असतात. याचा दोष त्यांच्या निष्काळजीपणावर ढकलला जातो. मला तो साफ अमान्य आहे.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठी चाचणी झाली. तपासणी होणारा आणि न होणारा असे दोन्ही गट मिळून सुमारे १ लाख ९० हजार माणसं तिच्यात होती. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासत होते. २००५ मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. महागडं यंत्र नाही, परदेशी औषध नाही. हा पुरावा आपल्याच देशातला आहे. सरकारी धोरणातही तिशीनंतर प्रत्येकाचं तोंड तपासायचं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातल्या फक्त १.२ टक्के पुरुषांनी आणि ०.९ टक्के स्त्रियांनी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झाल्याचं सांगितलं.

उरलेल्यांचं काय होतं? तोंड आलंय म्हणून माणूस आधी मेडिकलमधून मलम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणतो. आठ-पंधरा दिवस जातात. मग गावातला डॉक्टर, पुन्हा गोळ्या. दात हलतोय म्हणून कुणी दात काढून टाकतो आणि ती जखम भरतच नाही. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं. सुगी किंवा ऊसतोड चालू असेल तर दवाखाना पुढच्या महिन्यावर जातो. तालुक्याला ‘तुकडा तपासावा लागेल’ असं सांगतात, पण ती सोय जिल्ह्याला किंवा त्याहून लांब. अहवाल हाती येईपर्यंत मानेत गाठ आलेली असते. बायांचं तर आणखी अवघड. मिश्री लावणाऱ्या बाईला हिरडी दुखते, हे ती घरात बोलतच नाही. बोलली तरी तिला दवाखान्यात न्यायचं की नाही, हे दुसराच कुणी ठरवतो. यातली एकही पायरी निष्काळजीपणाची नाही. प्रत्येक पायरीवर त्या माणसाने हातातल्या पैशांचा नीट हिशेबच केलेला असतो.

या उशिराची किंमत मोजता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडातल्या गाठीबरोबरच मानेतल्या ग्रंथीही सुरुवातीलाच काढल्या, तर तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण जिवंत होते. थांबून नंतर काढल्या, तर ६७.५ टक्के. जगभर या चाचणीची दखल घेतली गेली. पण तिच्यात घेतलेले रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते. जो उशिरा आला, त्याच्या वाट्याला हा फायदा आलाच नाही.

मग उपचार. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांचा मोठा भार हलका झाला, हे खुल्या मनाने मान्य करायला हवं. पण किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. ते मध्येच थांबले तर गाठीला पुन्हा वाढायला वाव मिळतो. एवढे दिवस शहरात राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आधार देतात, पण त्या सगळ्यांना पुरणार कशा? अनेक कुटुंबं परळच्या पदपथावर दिवस काढतात. रुग्णाची मजुरी बुडते, सोबत आलेल्या मुलाची किंवा बायकोचीही बुडते, आणि योजनेच्या पॅकेजमध्ये या बुडालेल्या रोजाला जागा नाही. उपचार अर्धे टाकून गावी परतणाऱ्याला आपण ‘पळून गेलेला पेशंट’ म्हणतो. हा शब्दप्रयोग मला फार लागतो.

‘तंबाखू खाल्ली, आता भोगा’ असंही म्हटलं जातं. तंबाखू घातक आहे, सुपारीसुद्धा घातक आहे, यात शंका नाही. पण बारा तास राबणाऱ्याच्या तोंडात ती भूक मारायला आणि झोप उडवायला जाते, आणि राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही पुड्या टपरीवर मिळतच राहिल्या. व्यसन सुखवस्तू माणसालाही असतं. त्याचा चट्टा मात्र दर सहा महिन्यांनी दाताचा डॉक्टर पाहतो.

गरिबाच्या ऐपतीचा विचार करून विज्ञान पुढे नेता येतं, हेही टाटातल्याच संशोधकांनी दाखवलं. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत दिलं. आजार फार पुढे गेलेल्या रुग्णांमध्ये वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. संशोधन एवढं करू शकतं. पुढचं काम शासनाचं आहे.

आणि त्याला पायंडाही आहे. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नंतर १००० झाले. किरणोपचार घेणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी तशीच थेट मिळाली पाहिजे. आशाताईंच्या हाती बॅटरी आणि त्या कामाचा वेगळा मोबदला पाहिजे. तुकडा तपासण्याची सोय प्रत्येक तालुक्याला पाहिजे. तुमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ती आहे का, याची चौकशी करा, आणि नसेल तर आमदाराला लेखी विचारा.