वळताना येणारा आवाज

आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. विषय वाणीचं तप. बोलणं खरं असावं, प्रिय आणि हिताचं असावं, ऐकणाऱ्याला बोचू नये.

बाबांची जुनी गाडी मी चालवतो. गेले काही दिवस स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चिरकायची. सरळ रस्त्यावर मात्र शांत. मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला!

शनिवारी गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पाना उचललाच नाही, आधी ऐकलं. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवायला लावलं. तेव्हाही कुरकुरलं असतं तर बॉल जॉइंट वगैरे बघावा लागला असता. जड गेलं, पण आवाज नाही. मग इंजिन चालू करून टोकापर्यंत वळवलं, आणि किंचाळी! "बेल्ट सैल आहे. ताण आला की घसरतो, म्हणून ओरडतो." पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही तपासलं, ते ठीक होतं. (नव्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला हा बेल्ट नसतोच.)

मला गुरुवार आठवला. चष्मा घरी राहिला म्हणून आईने अर्ध्या वाटेतून गाडी वळवायला सांगितली, आणि मी केवढा खेकसलो! मनासारखं चाललेलं असताना गोड बोलणं हे काही तप नव्हे हो. आई पुढे देवळापर्यंत गप्प बसली. तेव्हाही मी गाणीच लावली होती.

काकांनी बेल्ट आवळून दिला. संध्याकाळी आईला म्हटलं, "परवा चुकलंच माझं."

ती म्हणाली, "चहा टाकू का?"