सगळे मिळालेले आहेत!

सासूबाई दिवाळीनंतर धाकट्याकडे राहायला जाणार, हे थोरल्या सुनेला सगळ्यांत शेवटी कळतं. तेही शेजारच्या काकूंकडून. काकूंना ते त्यांच्या कामवालीने सांगितलेलं असतं. पोळ्या लाटता लाटता मनात खटला उभा राहतो. नणंद परवा येऊन गेली, ती यासाठीच. दीर फोनवर हळू बोलत होते. नवराही गप्प गप्प आहे, म्हणजे त्यालाही माहीत होतं. शेवटची पोळी तव्यावर पडेपर्यंत निकाल लागलेला असतो: सगळे मिळालेले आहेत! आरोपी चार, शिक्षा सगळ्यांना सारखी, आणि साक्षीदार एकच, तोही ऐकीव.

खऱ्या कोर्टातही कट सिद्ध करणं अवघडच असतं. कट कुणी चारचौघांत रचत नाही. म्हणून आजूबाजूच्या गोष्टी जोडून तो ओळखण्याची मुभा कायद्याने दिली आहे. एरवी साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलंच सांगायचं. १८७२ च्या पुरावा कायद्यातला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. कटाच्या बाबतीत एक सवलत मात्र मिळते. कट असावा असं मानायला आधी वाजवी कारण दिसलं, तर एकाचं बोलणं दुसऱ्याविरुद्ध धरता येतं. पण ते बोलणं कट चालू असतानाचं आणि त्याच कामाचं हवं. १९४० साली मिर्झा अकबर नावाच्या आरोपीचं खुनाच्या कटाचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं होतं. त्याच्यासोबत आरोपी असलेल्या बाईने अटकेनंतर दिलेला जबाब या सवलतीत बसत नाही, असं कौन्सिलने सांगितलं. कट चालू असताना दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं मात्र धरली, आणि शिक्षा कायम राहिली. म्हणजे नियम गुन्हेगाराला सोडण्यासाठी नव्हता. काय मोजायचं आणि काय नाही, एवढंच तो सांगत होता.

याचं मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर इथे राजीव गांधींची हत्या झाली. जानेवारी १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने खटल्यातल्या २६ च्या २६ आरोपींना फाशी सुनावली. देशाच्या मनातला संताप पाहता ते अनेकांना योग्यच वाटलं असेल. अपील सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे तीन न्यायमूर्तींनी तो गठ्ठा सोडला आणि एकेक माणूस वेगळा काढून पाहिला. याने आसरा दिला, पण कशासाठी ते त्याला ठाऊक होतं का? ठाऊक होतं, तरी त्या बेतात तो सामील झाला होता का? ओळख असणं, येणंजाणं असणं पुरेसं नाही. फार काय, बेताची नुसती माहिती असणंही पुरेसं नाही. ११ मे १९९९ ला निकाल लागला. चौघांची फाशी कायम राहिली, तिघांना जन्मठेप झाली, आणि १९ जणांवरचा हत्येच्या कटाचा आरोप टिकला नाही. त्यांच्यातल्या काहींवर लहान गुन्हे शाबीत झाले होते, पण त्यांची शिक्षा भोगून झालेली होती. इतक्या दुःखाच्या प्रकरणात एवढा धीर धरणं मला फार मोठं वाटतं.

स्वयंपाकघरातल्या खटल्यालाही हा धीर लावता येतो. दिराला माहीत असेल, पण ठरवलं त्यांनीच का? नवऱ्याच्या कानावर असेल. आईच सांगेल म्हणून तो थांबला असेल. नणंद कदाचित गुडघेदुखीचं औषध द्यायलाच आली असेल. आणि भांडण पेटल्यावर 'मी नाही, तीच म्हणाली होती' असं जे येतं, ते अटकेनंतरच्या जबाबासारखं बाजूला ठेवावं. स्वतःवर आलं की माणूस दुसऱ्याचं नाव घेतोच. ऑफिसात हे जरा जड जातं. तिथे माणसंही जास्त आणि चहाही जास्त. बदल्यांची यादी यायच्या आधीच ती कुणी कुणी मिळून केली, हे कँटीनमध्ये ठरून गेलेलं असतं. अशा वेळी यादी करणाऱ्यालाच जाऊन विचारावं. दोन मिनिटांचं काम आहे. सकाळी अकराच्या आत गेलं, तर साहेब बहुतेक मोकळे सापडतात.