जामीन राहिलेला भाऊ



आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७. एवढ्या साऱ्या पुस्तकांतून तारणाची एकच कथा सांगितली आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. रविवारच्या मिस्सात आपण त्या कथेतील वेचे ऐकतो. पण तिचा धागा हाती यायचा तर रोज थोडे, पण सलग वाचायला हवे. यहूदाचेच उदाहरण घ्या.

उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायात योसेफाला त्याचे भाऊ खड्ड्यात टाकतात. याला मारून आपला काय फायदा, त्यापेक्षा विकून टाकू, ही सूचना यहूदाची. चांदीच्या वीस नाण्यांना भाऊ विकला जातो. इथेच पुस्तक मिटले, तर यहूदा म्हणजे भावाला विकणारा, एवढेच आपल्या मनात राहते.

पण पुढे वाचा. ३८व्या अध्यायात, आपल्यापेक्षा आपली सून तामार अधिक नीतिमान आहे, हे तो कबूल करतो. ४३व्यात दुष्काळ पडलेला असतो. धान्यासाठी मिसर देशात जाताना धाकट्या बन्यामिनाला पाठवायला बाप तयार नसतो. तेव्हा यहूदा त्याच्यासाठी जामीन राहतो. ४४व्यात बन्यामीन संकटात सापडतो आणि यहूदा पुढे होऊन विनवतो, की त्याच्या जागी मला गुलाम करून ठेवा. एका भावाला विकणारा आता दुसऱ्या भावासाठी स्वतःला देऊ करतो.

जामीन राहणे म्हणजे काय, हे पतपेढीत दुसऱ्याच्या कर्जासाठी सही करणाऱ्याला ठाऊक असते. त्याने फेडले नाही, तर ते आपल्या अंगावर येते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ७व्या अध्यायात येशूलाही जामीन म्हटले आहे. मत्तयाने दिलेल्या त्याच्या वंशावळीत यहूदा आणि तामार या दोघांचीही नावे आहेत. याच वंशातल्या प्रभूला यहूदा नावाचाच शिष्य तीस नाण्यांना विकतो, आणि प्रभू आपल्या सर्वांचे देणे क्रुसावर फेडतो. उत्पत्तीत सुरू झालेला धागा असा कालवारीपर्यंत येतो.

आपल्या धर्मग्रामातही शेताच्या बांधावरून बोलणे तुटलेले सख्खे भाऊ आहेत. एकाच वेदीपाशी येऊन ते ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि दोन वेगळ्या दारांनी घरी जातात. ‘तो तसाच आहे, बदलायचा नाही,’ असे म्हणणे म्हणजे ३७व्या अध्यायावर पुस्तक मिटणे. देवाने यहूदाच्या बाबतीत ते मिटले नाही. तुमच्या-माझ्या बाबतीतही मिटलेले नाही.

तेव्हा आज रात्री जपमाळेनंतर घरात ३७वा अध्याय वाचा. रोज एक वाचलात, तर पुढच्या रविवारी ४४वा येईल. सोमवारचा ४५वा अध्याय मात्र शक्य असेल तर त्या भावाच्या घरी जाऊन, त्याच्याबरोबर वाचा.

प्रभूची शांती तुमच्या घरात नांदो.

तुमचा धर्मगुरू